टाच न टेकवता

मोहनदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या बागेत बाकावर बसलो होतो. डॉक्टरांनी मला रोज सकाळी चालायला सांगितलं आहे आणि मी ते निष्ठेनं पाळतो, म्हणजे घरापासून बाकापर्यंत चालतो. रविवार होता. रविवारी शाळेच्या मैदानावरची एन.सी.सी.ची परेड आटोपली की दादा बागेच्या फाटकाशी यायचा आणि आत न येता तिथूनच ओरडायचा, "बाब्या, ऊठ! एक तरी फेरी मार, नाहीतर तुला खांदा द्यायला पैलवान बोलवावे लागतील." शाळेतून निवृत्त होऊनही त्यानं रविवारची परेड सोडली नव्हती. त्यामुळे फोनवर वहिनीचं नाव दिसलं तेव्हा मला वाटलं, आज फाटकापर्यंत यायचाही त्याला कंटाळा आला असणार. मी फोन कानाला लावला आणि आधीच ओरडलो, "चालतोय, चालतोय! दुसरी फेरी सुरू आहे!" पलीकडे वहिनीनं माझं ओरडणं संपू दिलं. मग म्हणाली, "भावजी… हे गेले." परेड संपवून तो बूट काढायला पायरीवर बसला होता. एक बूट काढला, दुसऱ्याची नाडी सोडली आणि तसाच मागे टेकला. मुलांना वाटलं, सर दमले.

त्याला आता दोन महिने होत आले. आमच्या घराण्यात किस्से सांगायचं खातं माझ्याकडे आहे. लग्न असो, बारसं असो, जेवणं आटोपली की कुणीतरी म्हणतंच, "बाब्या, सांग रे काहीतरी," आणि बाब्या सांगतो. बाब्याला फार आग्रह लागत नाही. थोडं तिखटमीठ मी लावतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते मला चालवूनही घेतात. पण माझ्याकडचा सर्वांत भारी किस्सा मी आजवर एकदाही सांगितला नव्हता. दादानं मला तसं बजावलं होतं. माझ्यासारख्या माणसाला असं काही पोटात ठेवायला लावणं म्हणजे उघडा आमरसाचा वाडगा हातात देऊन उभं करण्यासारखं होतं. चाळीस वर्षं मी तो वाडगा धरून उभा होतो. आज तो खाली ठेवतोय. परवानगी कुणी दिली ते शेवटी सांगतो.

मोहनदादा माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. आम्ही मूळचे मालवणकडचे. घाटकोपरला डोंगराच्या उतारावर एक चाळ होती, तिथे आमच्या दोघांच्या खोल्या शेजारीशेजारी होत्या आणि मधल्या भिंतीतून फोडणीचा वासच काय, भांडणातले मुद्देसुद्धा आरपार जायचे. त्याचे वडील तात्याकाका लालबागकडच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. काकी घरीच असायची आणि आवाजावरून सांगायचं तर अख्ख्या चाळीत असायची. चाळीपासून बसस्टॉपपर्यंत इतका उतार होता की आमच्याकडची मुलं चालायला शिकायच्या आधी धावायला शिकत. बहुतेक जण वयात आल्यावर थांबले. मी जरा लवकरच थांबलो. दादा थांबला नाही.

मी कॉलेजात पाऊल ठेवलं तेव्हा तो शेवटच्या वर्षाला होता. केमिस्ट्री त्याचा विषय. शिवाय तो कॉलेजचा पंधराशे मीटरचा धावपटू आणि शिवाय एन.सी.सी.चा सीनियर अंडर ऑफिसर. म्हणजे तीन माणसांनी वाटून घ्यावं असं आयुष्य तो एकटा जगत होता. पहाटे हायवेवरून विक्रोळीकडे, मिठागरांच्या कडेनं धाव. तिथून कॉलेजचं मैदान. मैदानावर आमचे खेळाचे परेरा सर, मूळचे गोराईचे, पाठ मोडेपर्यंत मेहनत करून घेत आणि मग स्वतःच्या डब्यातली भाकरी अर्धी मोडून देत. त्यानंतर लेक्चरं, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी एन.सी.सी.चं ऑफिस. लेक्चरला तो पहिल्या बाकावर बसायचा आणि पाठ ताठ ठेवून, डोळे उघडे ठेवून झोपायचा. सैन्यात जाणाऱ्याला ही विद्या यायलाच हवी, असं तो मला समजावून सांगत असे. त्याच्या प्रॅक्टिकलच्या कोटाला ॲसिडची भोकं होती, धावायच्या बनियनला घामाचे पांढरे डाग होते. पण खाकी गणवेश मात्र कागदासारखा कडक. काकी तो पेजेच्या निवळात भिजवायची. शनिवारी आमच्याकडे सकाळी जी पेज व्हायची ती त्यामुळे जरा घट्टच असायची, कारण वरचं सगळं पाणी दादाच्या पँटीला गेलेलं असे. तात्याकाका नुसता भात ढवळत म्हणायचे, "आज पेज कोण पिता? ह्येची चड्डी!"

दोन गोष्टी सांभाळायच्या म्हटलं की लोक वेळेची ओढाताण सांगतात. दादाची ओढाताण त्याच्या पायात होती. परेडचे बूट जड, टाचेला लोखंडी नाल, आणि उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारे फौजी हवालदार, त्यांचा एकच घोष : "एडी मारो! आवाज आनी चाहिए!" उलट परेरा सरांचा घोष बरोबर त्याच्या विरुद्ध. "टाच टेकवू नको रे मोहन, चवड्यावर राहा, टाच टेकली की मेलास!" रविवारी टाच, बाकी आठवडाभर चवडा. सोमवारी सकाळी धावताना त्याची टाच हटकून आपटायची आणि सर ओरडायचे, "आला बघा सेनापती!" तो हसायचा, थांबायचा, पाय झटकायचा आणि पुन्हा निघायचा. मला आता वाटतं, तो आयुष्यभर तेच करत होता… ज्याच्यासमोर उभा आहे त्याला हवा तसा पाय टाकायचा.

त्याच्या नादानं मीही एन.सी.सी.त गेलो. परेडनंतर मिळणारे बटाटेवडे हे त्यामागचं दुसरं कारण होतं, पण मी ते पहिलं म्हणून सांगत आलोय. मला उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे नेणं कधी जमलं नाही. उजव्याबरोबर उजवाच जायचा. उस्तादांनी पहिल्याच दिवशी अख्खी रांग थांबवली, माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "ये कौन सा जानवर है?" पुढून दादाचा खणखणीत आवाज आला, "मेरा भाई है, उस्ताद!" त्यानंतर मला कायम मधल्या रांगेत, मधोमध उभं करण्यात आलं.

त्याला सैन्यात अधिकारी व्हायचं होतं. का, असं मी त्याला एकदा विचारलं. चाळीच्या वर डोंगरावर एक सपाट खडक होता, तिथे तो पुस्तक घेऊन बसायचा आणि मी त्याला वाचू न देण्यासाठी जायचो. तो म्हणाला, "बाब्या, आपल्या घरात सगळ्यांनी नुसते हुकूम ऐकले. तात्या मुकादमाचं ऐकतात, तुझे बाबा हेडक्लार्कचं. एकदा तरी कुणी हुकूम द्यायला नको का आपल्यातून?"

"काकी देते की," मी म्हणालो.

त्यानं मला पुस्तक फेकून मारलं. पण मग गंभीर होऊन म्हणाला, "मुकादम तात्यांना ‘ए’ म्हणतो. मी ऐकलंय… माझ्या हाताखालच्या माणसाला मी ‘ए’ म्हणणार नाही. बास. एवढ्यासाठी."

त्याच वर्षी गिरण्यांचा संप झाला. सुरुवातीला तात्याकाका रोज सभेला जात, घरी येऊन जोरात बोलत. मग सभा कमी झाल्या, बोलणंही कमी झालं. वर्ष सरत आलं तरी भोंगा वाजला नाही. साच्यावर काम केलेला माणूस, त्याच्या हातांना स्वस्थ बसायची सवय नव्हती. त्यांनी आधी घरातला स्टोव्ह दुरुस्त केला, मग आमचा, मग चाळीतले सगळे. संडासाच्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मोडलेलं काही उरलं नाही तेव्हा ते चांगल्या वस्तूंकडे वळले. काकी कपाळाला हात लावून सांगायची, "ह्यांका कायतरी मोडून द्या रे!" शेवटी त्यांना दादाच्या वस्तू सापडल्या. पट्ट्याचं पितळ, टोपीचा बिल्ला, परेडचे बूट. बुटांवर कापसाच्या बोळ्यानं पाण्याचा एकेक थेंब टाकत ते दुपार दुपार घासत बसायचे. "बघ, तोंड दिसता," म्हणून बूट माझ्यासमोर धरायचे. खरंच दिसायचं. मला ते फारसं आवडायचं नाही, पण दिसायचं.

अशात दादा भोपाळला सैन्याच्या निवड मंडळापुढे जाऊन आला. परत आला तो टॅक्सीतून उतरल्यासारखा चालत, म्हणजे उतारावरून वर चढतानाही धाप न लागता, आणि खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "तात्या, झालां. घेतल्यानी माका." तात्याकाका हातातला बूट तसाच धरून उभे राहिले. मग त्यांनी तो खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि मुलाला कडक सलाम ठोकला. चुकीच्या हातानं. काकी रडली, मग अख्खी चाळ रडली, मग सगळ्यांनी शिरा खाल्ला. त्या वर्षात आमच्या चाळीत कुणाचं काही चांगलं झालं होतं ते तेवढंच.

अट एकच होती. पदवी त्याच वर्षी हातात पडायला हवी, नाहीतर जागा जाणार. अभ्यासाची दादाला भीती नव्हती. भीती हजेरीची होती. सकाळचा सराव, एन.सी.सी.चे कॅम्प, भोपाळ, सगळं मिळून त्याची हजेरी इतकी घसरली होती की परीक्षेलाच बसू देणार नव्हते. उपप्राचार्य कडक होते, पण वाईट नव्हते. त्यांनी त्याला बोलावून सांगितलं, "मोहन, कॅम्पचे दिवस मी धरले, तरी कमी पडतायत. जे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्या तिनात येऊन विद्यापीठाकडून खेळतात, त्यांची हजेरी मला माफ करता येते. नियम आहे. तू पहिल्या तिनात ये, मी डोळे मिटून सही करतो." दादा बाहेर आला आणि मला म्हणाला, "सोप्पं आहे यार. धावायचंच तर आहे." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्याच्यापेक्षा वेगवान असे मुंबईत दोघेच होते, तिसरा तोच. त्याच्या एका पायावर डिग्री होती आणि दुसऱ्यावर वर्दी, आणि दोन्ही पाय पावणेचार फेऱ्या नीट पडले की झालं.

धावायचे बूट परेरा सरांनी त्याला स्वतःचे दिले होते. जुने, पण खिळ्यांचे, खरे स्पाइक्स. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी दादा प्रॅक्टिकलला गेला आणि तात्याकाकांनी पिशवी उघडली. परेडच्या बुटांना ते आता आतून बाहेरून ओळखत होते. तळाला खिळे, टाचेला नाल. त्यांनी हे नवे बूट उलटे करून पाहिले. पुढे खिळे होते. मागे काहीच नाही. त्यांना वाटलं, जुने झाल्यामुळे टाचेचा नाल पडून गेलाय आणि पोरगा लाजेपोटी बोलत नाहीये. स्टेशनजवळच्या चांभाराकडून त्यांनी नाल आणले आणि स्वतः बसून ठोकले. गिरणीतल्या माणसाचं काम ते! खिळा आरपार काढून आतल्या बाजूनं वाकवलेला, कानशीनं घासलेला, वर चामड्याचा तुकडा चिकटवलेला, पायाला टोचू नये म्हणून. मग दोन्ही बूट पॉलिश करून पिशवीत घातले आणि कुणाला काही बोलले नाहीत. मुलाला अचानक कळावं, अशी त्यांची हौस होती.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी ड्यूटीवर होतो. कॅडेट म्हणून प्रेक्षकांना दोरीच्या मागे ठेवणं हे माझं काम. पंधराशेच्या आधी दादा सिमेंटच्या पायऱ्यांवरून मैदानात उतरायला लागला आणि टक् टक् टक् असा आवाज आला. त्यानं खाली पाहिलं. मी पाहिलं. परेरा सरांनी पाहिलं आणि त्यांच्या तोंडातली शिट्टी गळून पडली.

"मोहन, हे काय? घोडा हाय का तू?"

दादा पायरीवर बसला, बूट काढून पाहिला. नाल ओढून पाहिला, हलेना. सर वाकले, त्यांनीही ओढून पाहिला. मी पण, माझ्या ताकदीनुसार. तो निघणार नव्हता. सर म्हणाले, "काढ ते बूट. नुसत्या पायानं पळ. तुला सवय हाय. सीझनभर नुसत्या पायानं झकास पळलायस तू."

हे खरं होतं. त्याच्या तळव्यांची कातडी बुटापेक्षा जाड होती. त्यानं दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतलीसुद्धा. आणि मग त्यानं वर पाहिलं. समोरच्या वळणाशी, हाकेच्या अंतरावर, दोरीला पोट टेकवून तात्याकाका उभे होते. पांढरं धुवट धोतर, डोक्याला टोपी, हातात ग्लुकोजच्या पाण्याची बाटली. मुलाला धावताना बघायला ते आयुष्यात पहिल्यांदा आले होते. एरवी गिरणीत पाळी असायची ना. शेजारच्या माणसाला ते बोट करून काहीतरी दाखवत होते, आणि ते काय दाखवत होते हे आम्हाला ऐकू न येताही कळलं.

दादानं बूट पुन्हा पायात घातला.

"काय करतोस? काढ!" सर खेकसले.

"राहू दे सर," तो म्हणाला. "वडील आलेत."

परेरा सरांनी त्या धोतराकडे पाहिलं. मग त्यांनी शिट्टी उचलली, पँटीला पुसली आणि हळू आवाजात म्हणाले, "मग टाच टेकवू नको."

तो टाच न टेकवता धावला. पंधराशे मीटर चवड्यावर धावता येत नाही, हे ज्यांना थोडंफार कळतं ते सांगतील. शंभर-दोनशे ठीक आहे, पुढे पोटऱ्या दगड होतात. पण तो धावला. पहिली फेरी, दुसरी फेरी, एखाद्यानं झोपलेल्या मुलाच्या खोलीतून जावं तसा. पुढच्या दोघांच्या मागे, तिसरा. प्रत्येक फेरीत तो तात्याकाकांसमोरून जात होता आणि ते बाटली उंच करत होते. शेवटच्या वळणापर्यंत तो तिसराच होता. मी दोरी सोडून मैदानात आलो होतो, मला कुणी मागे ठेवायला हवं होतं. आणि मग सरळ रेषेत, शेवट दिसत असताना, त्याची डावी टाच टेकली. गवत ओलसर होतं, नाल सरकला. तो पडला नाही. फक्त एकदा दोन्ही हात पसरले, तोल सांभाळला आणि पुन्हा चवड्यावर गेला. पण तेवढ्यात दुसऱ्या कॉलेजचा एक मुलगा बाजूनं निघून गेला होता.

चौथा.

तो गवतावर पालथा पडला होता आणि पोटऱ्या अशा उडत होत्या की हातानं धरवेनात. तात्याकाका दोरी ओलांडून आले. त्यांना बघून तो उठून बसला. दोन्ही हातांनी एक बूट उचलून दाखवत, धापा टाकत म्हणाला, "तात्या… नाल बरो बसलो. पकड इली. नायतर… शेवटचो इलो असतंय." तात्याकाकांनी बाटली पुढे केली. मी तोंड उघडणार एवढ्यात दादानं माझं मनगट पकडलं. ते जाईपर्यंत सोडलं नाही. मग म्हणाला, "बाब्या, तुझे किस्से मला माहितीयत. हा सांगायचा नाही. कधीच नाही. सांगितलास तर डोंगरावरून ढकलीन." त्याला हसायचं होतं, पण ओठ नीट वळले नाहीत.

उपप्राचार्यांनी सही केली नाही. नियम तिघांचा होता. वर्ष गेलं, जागा गेली. पुढच्या वर्षी पदवी मिळाली, पण तोवर तात्याकाकांची गिरणी उघडली नव्हती ती उघडलीच नाही, आणि दादा विक्रोळीच्या एका कारखान्यात लागला होता. पुन्हा अर्ज कर, असं मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, "तात्या दिवसभर एकटे बसतात रे. मी गेलो तर कुणाचे बूट घासतील?" मला तेव्हा ते चेष्टेत म्हटल्यासारखं वाटलं. पुढे त्यानं शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, मुलुंडच्या शाळेत लागला, आणि तिथल्या एन.सी.सी.चा अधिकारी झाला. खांद्यावर तारे आले, सैन्याचे नव्हेत, पण तारेच. त्याच्या हाताखालची मुलं पुढे खरोखरचे अधिकारी झाली, सुट्टीवर आली की शाळेत येऊन त्याला सलाम करायची, आणि तो त्यांच्या कॉलरची घडी नीट करायचा. एकाही मुलाला मी त्याला ‘ए’ म्हणताना ऐकलं नाही. मला म्हणायचा, दिवसातून दहादा.

दादाचं दिवसकार्य आटोपल्यावर पाहुणे पांगले आणि मी तात्याकाकांपाशी जाऊन बसलो. ते आता नव्वदीकडे झुकलेत. दादाच्या घरात, बाहेरच्या खोलीत, दाराकडे तोंड करून त्यांची खुर्ची असते. वहिनीनं माझ्या हातात चहा दिला. काकाच आधी म्हणाले, "तू सगळ्यांचे किस्से सांगतंस. तेचो सांगूक नाय एक पण?"

"सांगितले की काका. पुष्कळ सांगितले."

"नालाचो?"

माझ्या हातातला चहा बशीत सांडला. ते शांतपणे बोलत होते. "साचेखात्यात काय आवाज आसता, तुका काय म्हायत. कानात ओरडलां तरी ऐकूक येत नाय. आम्ही तोंडां वाचू. ह्या टोकाचो त्या टोकाच्या वांगडा बोलता, आवाज न करता. त्या दिवशी मास्तर म्हणाले, घोडा हाय का तू. मी वाचलंय. काढ म्हणाले. आणि तो म्हणालो, वडील आलेत." त्यांनी धोतराचा सोगा मांडीवर नीट केला. "माका समाजला काय केलंय ता. हाक मारूक तोंड उघडलंय, तवसर पिस्तूल वाजला. आणि मगे तो सांगता, पकड इली. काय बोलतलंय? एवढा बरा नाटक करी होतो पोर, मोडूचा कसा?"

मी बशीतला चहा कपात ओतला. मग एक गोष्ट डोक्यात आली आणि विचारलं, "काका, तुम्हाला तोंडं वाचता येतात हे दादाला माहीत होतं?"

"तेका म्हायत नाय?" ते जवळजवळ हसले. "सुट्टीत डबो घेवन येय तो गिरणीत. खात्याच्या दारात उभो ऱ्हवान तोंडान बोला माझ्या वांगडा. तेका माझ्यापरास बरां येय."

म्हणजे तात्याकाकांनी वाचलं असणार हे दादाला ठाऊक होतं. आणि दादाला ते ठाऊक आहे हे तात्याकाकांना. त्या घरात ते गुपित जिवापाड सांभाळणारा माणूस चाळीस वर्षं एकच होता, आणि तो मी. इतक्या लग्नांमध्ये, इतक्या बारशांमध्ये…

"लिव आता," तात्याकाका म्हणाले. "पण चवथो इलो तां नीट लिव. नाल ठोकलेले बूट घालून चवथो. असो दुसरो कोण असलो तर माका दाखव."

लिहिलं, काका.

त्या दिवशी मी उठलो नाही, कारण मला उठवणारं कुणी नव्हतं. संध्याकाळ होत होती, दादाची घरी यायची वेळ. वहिनीनं आत टीव्ही लावला होता, मोठ्यानं, घरात काहीतरी आवाज असावा म्हणून. तात्याकाका दाराकडे बघत होते. त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता. ओठ हलत होते, थांबत होते, समोरचा बोलतोय तेवढा वेळ थांबावं तसे, आणि पुन्हा हलत होते. वहिनी दारात आली आणि मला हळूच म्हणाली, "रोज ह्याच वेळेला. दोघं असेच बोलायचे, भावजी. हे चपला काढता काढता दिवसभराचं सांगायचे." मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. जन्मभर मी बोलत आलो, पण ती भाषा मला कुणी शिकवली नाही.